घर रंगवण्याआधी : जुन्या दारा-खिडक्यांतले शिसे

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना ‘शिसे’ हा शब्द दरवर्षी अडतो. उर्दूत ‘शीशा’ म्हणजे काच आणि ‘सीसा’ म्हणजे जड, राखाडी, मऊ असा धातू. त्यामुळे ‘शिसे म्हणजे काय?’ असे विचारले की अर्धा वर्ग खिडकीच्या काचेकडे बोट दाखवतो आणि उरलेला अर्धा शिसपेन्सिल उंचावतो. दोन्ही उत्तरे चूक. शिसपेन्सिलीत शिसे नसतेच, ग्राफाइट असते. म्हणजे कार्बनचाच एक प्रकार. नाव तेवढे जुन्या गैरसमजातून चिकटले आहे. पण मुले ज्या खिडकीकडे बोट दाखवतात, तिच्या चौकटीवरच्या आणि गजांवरच्या जुन्या रंगात मात्र शिसे असण्याची शक्यता बरीच असते.

रमजान जवळ आला, घरात लग्न ठरले किंवा मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची असली, की आपण घर रंगवायला काढतो. हौस चांगलीच आहे. पण जुना रंग खरवडताना उडणारी धूळ ही घरातल्या लहान मुलांना आणि गरोदर बाईला सर्वांत जास्त अपाय करणारी असते. ज्यांच्यासाठी घर सजवायचे, त्यांच्याच पोटात ती जाते. हे टाळता येते आणि त्याला फार खर्चही येत नाही. त्यासाठी शिसे घरात कुठे दडलेले असते, हे मात्र माहीत हवे.

शरीरात गेल्यावर काय होते?

शिशाचा शरीराला काहीही उपयोग नाही. लोह, कॅल्शियम, जस्त आपल्याला लागतात. शिसे लागत नाही. तरीही शरीर ते ओळखण्यात फसते. कॅल्शियम समजून ते आत घेते आणि हाडांत व दातांत साठवते. रक्तातले शिसे निम्म्यावर यायला साधारण महिना लागतो. हाडांतले मात्र वर्षानुवर्षे राहते. बाई गरोदर राहिली की बाळासाठी तिच्या हाडांतले कॅल्शियम सुटू लागते आणि त्याबरोबर लहानपणापासून साठलेले शिसेही रक्तात उतरते. तिथून ते गर्भापर्यंत पोहोचते.

सर्वांत जास्त नुकसान सहा वर्षांखालच्या मुलांचे होते. त्याची कारणे दोन. मूल जमिनीवर रांगते, हात सारखे तोंडात घालते. शिवाय पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट भाग लहान मुलाचे शरीर शोषून घेते. मूल उपाशी असेल, त्याच्या अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर हे प्रमाण आणखी वाढते. म्हणजे ज्या घरात खायला कमी, तिथे हे विष जास्त लागते.

लक्षणे सुरुवातीला दिसतच नाहीत. पुढे भूक मंदावते, पोट दुखते, बद्धकोष्ठता होते, अंगात रक्त कमी होते, मूल चिडचिडे होते. ही लक्षणे शंभर कारणांनी होतात, त्यामुळे शिशाचा संशय कोणाला येत नाही. मेंदूवरचा परिणाम शाळेत कळू लागतो. मूल लवकर विसरते, एका जागी बसत नाही, वाचनात मागे पडते. अशा प्रत्येक मुलाच्या मागे शिसेच आहे असे मी म्हणणार नाही. कारणे अनेक असतात. पण अशा मुलाला ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होण्याआधी त्याच्या घरातली धूळ एकदा आठवावी, एवढे मात्र नक्की म्हणेन.

जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे स्पष्ट आहे : रक्तात शिशाचे ‘सुरक्षित’ असे कोणतेही प्रमाण नाही. एक डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे आढळले, तर ते कुठून येते याचा शोध घ्यावा, असे ती सांगते. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे दर तिघांतल्या एकाच्या, रक्तात शिसे या पातळीच्या वर आहे. त्यांतली साडेसत्तावीस कोटींच्या आसपास मुले भारतातली आहेत.

‘जुने घर’ म्हणजे किती जुने?

१९०४ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आपल्याकडे येणाऱ्या आजारी मुलांचा माग काढला आणि तो घरांच्या व्हरांड्यातल्या रंगवलेल्या कठड्यांपाशी जाऊन थांबला. उन्हाने रंग भुकटी होत होता, मुलांच्या हाताला लागत होता आणि हातावाटे तोंडात जात होता. तिथल्या क्वीन्सलँड राज्याने १९२२ मध्ये या रंगावर कायद्याने बंधन आणले. अमेरिकेने घरांसाठी अशा रंगावर १९७८ मध्ये बंदी घातली.

आपल्याकडे? केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने नियम काढले २०१६ मध्ये आणि ते लागू झाले १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्यानुसार घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये. त्याआधीची मानके ऐच्छिक होती; पाळली तर पाळली.

म्हणून भेंडी बाजार, डोंगरी, मदनपुऱ्यातल्या शंभर वर्षांच्या इमारती किंवा कोकणातली कौलारू घरे एवढ्यापुरताच हा विषय नाही. २०१७ च्या आधी ज्या घराच्या दारा-खिडक्यांना ऑइलपेंट लागला, ते प्रत्येक घर या दृष्टीने जुने समजावे. १९९८ साली बांधलेला ब्लॉकही त्यात आला, आणि २०१० मध्ये रंगवलेली शाळाही.

धोका भिंतीपेक्षा दाराला जास्त

सगळे रंग सारखे नसतात. चुना, डिस्टेंपर आणि पाण्यात मिसळायचे प्लॅस्टिक पेंट यांत शिसे सहसा फार कमी असते. दिल्लीच्या ‘टॉक्सिक्स लिंक’ या संस्थेने गेल्या दशकांत बाजारातल्या रंगांच्या ज्या तपासण्या केल्या, त्यांतही जास्त शिसे सापडले ते मुख्यतः ऑइलपेंटमध्ये, म्हणजे तेलात कालवलेल्या चकचकीत एनॅमलमध्ये. असा रंग लागतो दारांना, चौकटींना, खिडकीच्या गजांना, जिन्याच्या कठड्याला, लोखंडी कपाटाला, पलंगाला. जुने रंगारी ज्याला ‘सफेदा’ म्हणत, तो मुळात शिशाचाच पांढरा क्षार. लोखंडाला गंज लागू नये म्हणून जो शेंदरी हात मारत, त्यातही पूर्वी शिशाचा शेंदूर असे.

रंगही महत्त्वाचा. पिवळा, नारिंगी, लाल हे भडक रंग लेड क्रोमेटपासून बनत. त्या पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो. आपल्या मोहल्ल्यांत हिरवी दारे, हिरव्या जाळ्या, हिरवे कठडे किती असतात ते सांगायला नको. जुना हिरवा किंवा पिवळा ऑइलपेंट पोपडे धरू लागला असेल, तर तिकडे आधी लक्ष द्यावे.

भिंतीला घट्ट चिकटलेला, न उडालेला रंग फारसे काही करत नाही. तो धूळ झाला की अपाय सुरू होतो. दार चौकटीला घासते, खिडकी सरकते, ओलीने पोपडे सुटतात. ही भुकटी उंबऱ्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर, पलंगाखाली साचते आणि नेमके तिथेच मूल बसून खेळते. शिशाच्या काही क्षारांना गोडसर चव असते, त्यामुळे पोपडा एकदा तोंडात गेला की मूल पुन्हा तिकडेच वळते.

अशा दोन गोष्टी प्रेमापोटी घरोघर जपल्या जातात. एक म्हणजे पिढीजात पाळणा. दादीच्या वेळचा, दर बाळंतपणाला वरून नवा हात मारलेला. दात येणारे मूल त्याचा कठडा चावते आणि खालचे सगळे थर त्याच्या पोटात जातात. पाळणा टाकून द्यायला नको; पण कठडा सुती कापडाने घट्ट शिवून घ्यावा, किंवा तो आठवण म्हणून ठेवून बाळाला झोळीत झोपवावे.

दुसरी गोष्ट म्हणजे लाकूड वाया जाऊ नये ही सवय. घर पाडले की जुन्या चौकटी, फळ्या, खिडक्या न्हाणीघरातल्या चुलीत किंवा वलीम्याच्या देगेखाली जातात. रंगवलेले लाकूड जाळले की शिसे धुरात आणि राखेत उतरते. त्या राखेने भांडी घासली किंवा ती परसात टाकली, तर फिरून घरातच येते. रंग लागलेले लाकूड सरपण म्हणून कधीच वापरू नये.

नळ आणि पाणी

जुन्या लोखंडी पाइपांचे सांधे प्लंबर सफेदा आणि धागा लावून घट्ट करत. पितळी नळांतही थोडे शिसे मिसळलेले असते. पीव्हीसी पाइप टिकाऊ व्हावेत म्हणून शिशाची संयुगे वापरली जात; त्यांवरचे नियम केंद्राने २०२१ मध्ये काढले. पाणी रात्रभर पाइपात उभे राहिले की त्यात यातले थोडे उतरते. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे असू नये, असे भारतीय मानक आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाणी उकळून जंतू मरतात, शिसे जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. उपाय साधा आहे. सकाळी पाणी आले की पहिली एक-दोन मिनिटे येणारे पाणी बादलीत धरून ते कपड्यांना किंवा फरशीला वापरावे आणि हंडा-कळशी त्यानंतर भरावी. पाणीही वाया जात नाही. नळ दुरुस्त करताना सफेद्याऐवजी टेफ्लॉनची पांढरी पट्टी वापरायला सांगावे.

कल्हई आणि आंबट पदार्थ

तांब्या-पितळेची देग, पातेली, लगन आजही आपल्या घरांत आहेत आणि कल्हईवाला अजूनही वर्षातून एकदा गल्लीत येतो. कल्हई म्हणजे भांड्याला आतून कथिलाचा मुलामा. शुद्ध कथील निर्धोक आहे. पण कथील महाग आणि शिसे स्वस्त. दोन्ही मिसळली की मिश्रण कमी उष्णतेतही वितळते, म्हणून कारागिराचे कामही सोपे होते. ही भेसळ डोळ्यांना दिसत नाही. अशा भांड्यात दही, टोमॅटो, चिंच, कोकम, लिंबू किंवा सिरका घातलेला पदार्थ शिजवला किंवा रात्रभर ठेवला, तर आंबटपणामुळे शिसे त्यात उतरते.

म्हणून कथील खात्रीच्या दुकानातून स्वतः आणून कल्हईवाल्याला द्यावे. शुद्ध कथिलाची कांडी कानाशी धरून वाकवली तर करकर असा बारीक आवाज येतो. शिशाची वाकवली तर येत नाही आणि ती कागदावर काळपट रेघ उमटवते. ही परीक्षा पक्की नव्हे, पण उघड भेसळ ओळखायला उपयोगी पडते. आंबट पदार्थांसाठी मात्र स्टीलच बरे. चिनी मातीच्या जुन्या, रंगीत झिलईच्या बरण्यांतही तीच काळजी घ्यावी. लोणचे काचेच्या बरणीत घालावे.

सुरम्याची डबी

हा विषय नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. हदीसमध्ये ‘इस्मिद’ या सुरम्याचा उल्लेख येतो आणि म्हणून तो आपल्या घरांत आदराने वापरला जातो. इस्मिदचा अर्थ जुन्या अरबीत अँटिमनीचे खनिज असा घेतला जातो. आज बाजारात सुरमा म्हणून जे काळे चकाकणारे चूर्ण मिळते, ते मात्र पुष्कळदा गॅलेना म्हणजे शिशाचे सल्फाइड असते. निरनिराळ्या देशांत सुरम्याच्या तपासण्या झाल्या तेव्हा हे पुन्हा पुन्हा दिसून आले; डबीवर ‘इस्मिद’ छापलेले असूनही. तेव्हा प्रश्न सुन्नतचा नाही, दुकानदाराने डबीत काय भरले याचा आहे.

मूल डोळे चोळते आणि तेच बोट तोंडात घालते. डोळ्यातले पाणी नाकावाटे घशातही उतरते. म्हणून नवजात बाळाला आणि लहान मुलांना बाजारचा सुरमा लावूच नये, गरोदर बाईनेही लावू नये. नानी रागावली तर तिला प्रेमाने समजावावे. दिव्यावर वाटी धरून घरी पाडलेल्या काजळात काजळी आणि तूप असते, शिसे नसते. तरी बाळाच्या डोळ्यात बोट न घालणेच चांगले, असे डॉक्टर सांगतात.

कामाच्या कपड्यांतून

काही घरांत शिसे बाहेरून येते. बॅटरीच्या कारखान्यात, भंगारात, मोबाइल-रेडिओ दुरुस्तीच्या झाळकामात, रंगकामात जे राबतात, त्यांच्या कपड्यांना आणि केसांना ही धूळ लागते. अब्बा घरी आले की मूल धावत जाऊन बिलगते. कामाचे कपडे दाराशी बदलणे, हात-तोंड धुऊन मगच मुलाला घेणे आणि ते कपडे वेगळे धुणे, एवढे केले तरी पुष्कळ बचाव होतो.

कोकणात मासेमारीच्या पागाला शिशाच्या गोळ्या लागतात. त्या घरच्या चुलीवर वितळवून ओतायची पद्धत काही ठिकाणी आहे. हे काम घराबाहेर, उघड्यावर आणि मुलांपासून लांब व्हायला हवे. त्याचे भांडे पुन्हा स्वयंपाकात येता कामा नये. इन्व्हर्टरची किंवा गाडीची जुनी बॅटरी घरी फोडू नये, नवी घेताना दुकानदाराला परत द्यावी.

रंगकाम काढताना

आता मुख्य गोष्ट. रंगाऱ्याशी बोलणी करताना नेहमी दोनच प्रश्न विचारले जातात : किती घेणार आणि किती दिवस लागणार? त्यात पुढच्या अटी घालाव्यात.

१. जुना ऑइलपेंट कोरडा घासायचा नाही. पाणी फवारून, ओला ठेवून घासायचा. मशीनने घासणे किंवा ज्योतीने जाळून रंग काढणे अजिबात नको.

२. जिथे रंग घट्ट आहे तिथे खरवडूच नये. हलका ओला हात फिरवून त्यावरच नवा रंग द्यावा. जुना थर आत बंद झाला की धूळ होत नाही.

३. काम चालू असेतो लहान मुले आणि गरोदर बाई त्या घरात नसावीत. मुलगी बाळंतपणाला यायची असेल, तर ती येण्याआधी रंगकाम आणि सफाई दोन्ही उरकावीत. ते जमत नसेल तर रंगकाम पुढे ढकलावे. बाळाला जुन्या भिंतींचे वावडे नसते.

४. गाद्या, कपडे, भांडी आधी बाहेर काढावीत किंवा प्लॅस्टिकने झाकावीत. जमिनीवरही प्लॅस्टिक अंथरावे आणि भुकटीसकट गुंडाळून पिशवीत बांधावे.

५. नंतर झाडू मारू नये. झाडूने धूळ उडते आणि पुन्हा बसते. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने दोन-तीनदा पुसावे, दर वेळी पाणी बदलावे.

६. नवा डबा घेताना शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नाही, अशी नोंद वाचूनच घ्यावा. सुटा किंवा नाव नसलेला रंग घेऊ नये.

७. रंगाऱ्यालाही मास्क द्यावा आणि जेवणाआधी हात धुवायला साबण. त्याच्याही घरी मुले आहेत.

रंगकाम नसतानाही उंबरे आणि खिडक्यांचे कट्टे आठवड्यातून दोनदा ओल्या फडक्याने पुसावेत. मुलांचे हात जेवणाआधी साबणाने धुवावेत, खेळणी धुवावीत. मुलाला उपाशी ठेवू नये. दूध, नाचणी, पालेभाज्या, अंडी, कलेजी, लिंबू-आवळा असे कॅल्शियम, लोह आणि क जीवनसत्त्व देणारे अन्न शिसे शोषले जाण्याला काही प्रमाणात अडवते.

तपासणी कधी?

मूल माती किंवा पोपडे खात असेल, घरात नुकताच जुना रंग घासला गेला असेल, घरात शिशाशी संबंधित काम होत असेल किंवा लोहाची औषधे देऊनही रक्त वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना शिशाच्या रक्ततपासणीबद्दल विचारावे. साध्या रक्ततपासणीत शिसे दिसत नाही. ती वेगळी सांगावी लागते. मोठ्या प्रयोगशाळा शिरेतले रक्त घेऊन ती करतात. प्रमाण वाढलेले निघाले तर पहिला इलाज म्हणजे शिशाचा उगम घरातून दूर करणे. शिसे बाहेर काढणारी औषधे असतात, पण ती प्रमाण फार वाढले असेल तरच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात. मूल त्याच धुळीत परत आले तर औषधांचा उपयोग टिकत नाही.

आणि हे घरापुरतेच ठेवू नये. शाळेचे बाक, मदरशाच्या खिडक्या, मशिदीच्या हौजाचा कठडा, बागेतली घसरगुंडी यांनाही तोच जुना ऑइलपेंट असतो, आणि त्यांचे रंगकाम बहुधा मुले आजूबाजूला असतानाच चालते. शाळा समिती आणि मशिदीचे ट्रस्टी यांना एवढेच सांगायचे : काम सुट्टीत काढा, ओले घासा, धुऊन-पुसून मगच मुलांना आत घ्या. रमजानच्या तयारीची यादी करताना रंगाऱ्याच्या नावापुढे ‘कोरडे घासायचे नाही’ हे शब्द आजच लिहून ठेवावेत.